'सेन्सिबिलिटी' : एका नाजूक शब्दाची कुळकथा

जेन ऑस्टेन या इंग्रज लेखिकेची प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी १८११ सालीं बाहेर पडली. पुस्तकावर लेखिकेचें नांव नव्हतें. 'एका स्त्रीनें लिहिलेली' एवढाच उल्लेख होता. कादंबरीचें नांव 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी.' या नांवाचें मराठी करूं लागलें म्हणजे पहिला शब्द फारसा त्रास देत नाहीं. 'विवेक' म्हणा, 'शहाणपण' म्हणा, काम भागतें. दुसऱ्या शब्दापाशीं मात्र लेखणी थबकते. 'संवेदनशीलता', 'भावनाप्रधानता', 'हळवेपणा', 'सहृदयता' असे चारपांच शब्द पुढें येऊन उभे राहतात, आणि त्यांपैकीं एकहि दुसऱ्याच्या जागीं बसत नाहीं. भाषांतरकाराचा यांत दोष नाहीं. हा शब्दच अनेक घरें फिरून आलेला आहे, आणि प्रत्येक घरचें कांहींना कांहीं त्याच्या अंगाला चिकटलेलें आहे.

लॅटिन भाषेंत 'सेन्तिरे' म्हणजे जाणवणें. सेन्स, सेन्टिमेंट, सेन्सिबल, सेन्सिटिव्ह आणि सेन्सिबिलिटी हीं सारीं त्याच मुळाचीं भावंडें. पण भावंडें असलीं तरी स्वभाव एक नाहीं. 'सेन्सिबल' म्हणजे ज्याला जाणवतें तो, असा अर्थ शेक्सपिअरच्या काळीं होता. पुढें इंग्रजांनीं या शब्दाला व्यवहाराच्या पेढीवर बसविलें. आज 'सेन्सिबल' गृहस्थ म्हणजे समंजस गृहस्थ, आणि 'सेन्सिबल' बूट म्हणजे दिसावयास साधे पण चालावयास सोयीचे बूट. फ्रेंच भाषेंत मात्र तोच शब्द अद्यापि जुन्या अर्थानें नांदतो; तेव्हां फ्रेंच कथेंतील 'सेन्सिबल' नायिकेला मराठींत कोणी 'समंजस' म्हटलें, तर बिचारीचें सारें चरित्रच बदलून जाईल. गंमत अशी कीं, इंग्रजींत विशेषण व्यवहारी झालें, पण त्याचें नाम 'सेन्सिबिलिटी' जुन्या घरींच राहिलें. म्हणून 'सेन्सिबल' माणसाच्या अंगीं असते ती 'सेन्सिबिलिटी', असें समजणारा विद्यार्थी हटकून फसतो.

अठराव्या शतकांत हा शब्द वैद्यांच्या हातीं पडला. मनुष्याला जें जाणवतें तें मज्जातंतूंच्या द्वारें, आणि ज्याचे तंतू अधिक तलम त्याला अधिक जाणवणार, अशी त्या काळची समजूत होती. बाथ या गांवीं वैद्यकी करणाऱ्या जॉर्ज चेन यानें १७३३ सालीं 'दि इंग्लिश मॅलडी' हा ग्रंथ लिहिला. त्यांत मनाची खिन्नता व मज्जातंतूंचे विकार हे सुखवस्तु राहणीच्या आणि तल्लख बुद्धीच्या लोकांना विशेष जडतात, असें प्रतिपादन आहे. पुढें १७५२ सालीं गॉटिंगेन येथें हालर या शास्त्रज्ञानें प्रयोग करून असें मांडलें कीं, आकुंचन पावणें हा स्नायूंचा गुण आणि जाणवणें हा मज्जातंतूंचा. हालरचें काम शुद्ध शास्त्राचें होतें. परंतु चेनच्या मतानें समाजांत निराळेंच पीक आलें. अशक्तपणाला प्रतिष्ठा आली! मूर्च्छा येणें हें कुलीनतेचें लक्षण ठरूं लागलें. आणि ज्यांचे तंतू जाड, त्यांना, म्हणजे नोकराचाकरांना व मजुरांना, दुःख कमी होतें, असेंहि त्याच ओघानें मानतां येऊं लागलें. सिद्धान्त सोयीचा होता, हें सांगणें नको.

वैद्यांकडून शब्द कादंबरीकारांकडे गेला, आणि ही वाटहि फार लांबची नव्हती. 'क्लॅरिसा'चा कर्ता सॅम्युएल रिचर्डसन हा व्यवसायानें मुद्रक, आणि तो याच चेनच्या औषधोपचाराखालीं होता. त्या काळीं चांगला मनुष्य ओळखावयाचा तो त्याच्या डोळ्यांतील पाण्यावरून. हेन्री मॅकेंझी याच्या १७७१ सालच्या 'दि मॅन ऑफ फीलिंग' या लहानशा कादंबरींत इतक्या वेळां अश्रुपात होतो कीं, १८८६ सालच्या एका आवृत्तीच्या संपादकानें रडण्याच्या प्रसंगांची पृष्ठवार सूचीच जोडून दिली. शंभर वर्षांत लोकांची रुचि किती पालटली, हें त्या सूचीइतकें क्वचितच दुसरें कांहीं सांगेल.

पण या संप्रदायांतील सर्वांत मार्मिक प्रसंग लॉरेन्स स्टर्न याच्या 'ए सेन्टिमेंटल जर्नी'मध्यें आहे. हें पुस्तक १७६८ सालीं निघालें आणि थोड्याच आठवड्यांत लेखक वारला. त्याचा प्रवासी पॅरिसमध्यें असतां त्याला पिंजऱ्यांतील एक साळुंकीच्या जातीचा पक्षी दिसतो. 'मला बाहेर पडतां येत नाहीं' एवढेच शब्द त्या पक्ष्याला पढविलेले आहेत. प्रवाशाचें हृदय विरघळतें. तो दार उघडूं पाहतो. परंतु दार तारेनें असें आवळलेलें असतें कीं, पिंजरा मोडल्याखेरीज तें उघडणें नाहीं. मग तो आपल्या खोलींत जाऊन कारागृहांतील एका कल्पित बंदिवानाचें चित्र मनापुढें उभें करतो आणि ढळढळां रडतो. पुढें तो पक्षी त्याच्याच मालकीचा होतो. आतां तरी पिंजरा मोडावा? तसें होत नाहीं. तो पक्षी इंग्लंडांत येतो, एका उमरावाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे भेट म्हणून फिरत राहतो. सुटका मात्र कोणीच करीत नाहीं. स्टर्ननें हें अजाणतां लिहिलें असें समजण्याचें कारण नाहीं. ज्या गुणाची तो आरती ओंवाळीत होता, त्याचाच पोकळपणा त्याला दिसत होता.

हा पोकळपणा विनोदाचा विषय राहिला नाहीं तो साखरेच्या प्रश्नानें. वेस्ट इंडीजची साखर गुलामांच्या श्रमावर पिकत असे, आणि १७९१ पासून इंग्लंडांतील पुष्कळ कुटुंबांनीं ती वर्ज्य केली होती. कवि कोलरिज यानें १७९५ सालीं ब्रिस्टलमध्यें गुलामांच्या व्यापारावर व्याख्यान दिलें व पुढल्या वर्षीं तो मजकूर आपल्या नियतकालिकांत छापला. कादंबरींतील नायकनायिकांच्या दुःखावर अश्रू ढाळणारी सुखवस्तु स्त्री त्याच वेळीं हातांत जो चहाचा पेला धरते, त्यांतील गोडी कोणाच्या रक्ताची आहे, असा त्याचा सवाल होता. मन हेलावणें निराळें आणि परोपकारबुद्धि निराळी, हा भेद त्यानें स्पष्ट केला. त्याच्या आधीं, १७९२ मध्यें, मेरी वुलस्टनक्राफ्ट हिनें दुसऱ्या बाजूनें तक्रार केली होती, कीं मुलींना विचार करावयास न शिकवितां नुसतें हळवें होण्यास शिकवितात आणि मग त्यांनाच दुबळ्या म्हणून हिणवितात.

या पार्श्वभूमीवर ऑस्टेनची कादंबरी वाचली म्हणजे शब्दाचा खरा अर्थ उलगडतो. थोरली बहीण एलिनॉर एकोणीस वर्षांची, मॅरियन तिच्याहून धाकटी. प्रियकर निघून गेला त्या रात्रीं झोंप लागली असती तर मॅरियनला स्वतःची लाज वाटली असती. ती रडते, जेवत नाहीं, आणि तिच्या दुःखानें सारें घर झांकोळून जातें. एलिनॉरची गोष्ट निराळी. जो पुरुष तिला आवडतो त्याचा वाङ्निश्चय पूर्वींच दुसरीशीं झालेला आहे, हें तिला त्या दुसरीकडूनच कळतें, आणि तें गुपित राखण्याचें वचन दिल्यामुळें चार महिने ती तें एकटीच सोसते. अखेर उलगडा होतो तेव्हां, एवढें शांतपणें सोसलें त्या अर्थीं तुला फारसें वाटलेंच नसेल, असा मॅरियनचा पहिला तर्क होतो!

त्यांच्या सोबतीला मिसेस जेनिंग्ज नांवाची एक बडबडी, मोठ्यानें हंसणारी प्रौढ स्त्री आहे. प्रेमभंगावर उपाय म्हणून ती घरांतील उत्तम मद्याचा पेला घेऊन येते. मॅरियन झोपूं पाहत आहे म्हणून एलिनॉर तो स्वतःच पिऊन टाकते. औषधाचा प्रयोग आपल्यावरहि करून पाहण्यास हरकत नाहीं, असा विचार तिच्या मनांत येतो. मॅरियनला या बाईचा गांवढळपणा सहन होत नाहीं. परंतु पुढें तिला जिवावरचा ताप येतो, संसर्गाच्या भयानें घरची यजमानीण तान्ह्या मुलाला घेऊन निघून जाते, तेव्हां उशापायथ्याशीं ठाण मांडून बसते ती हीच गांवढळ बाई. मॅरियनची सेन्सिबिलिटी खोटी नाहीं. तिला संगीत कळतें, निसर्ग कळतो, स्वतःचें दुःख तर फारच कळतें. शेजारीं बसलेल्या माणसाचें तेवढें कळत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत निंदेचा सारा भार 'सेन्टिमेंटल' या भावंडावर पडला आणि सेन्सिबिलिटी सुटून साहित्यसमीक्षेंत शिरली. टी. एस. एलियट यानें १९२१ सालच्या एका निबंधांत सतराव्या शतकांत इंग्रजी कवींचा विचार व भाव यांची फारकत झाली, असें म्हणतांना हाच शब्द योजला. तेथें अश्रूंचा संबंध नाहीं. अनुभव घेण्याची मनाची एकूण घडण, असा अर्थ आहे.

तेव्हां मराठींत काय म्हणावें? एकच प्रतिशब्द ठरवून मोकळें होणें हें आळसाचें काम. वैद्यकांत 'संवेदनक्षमता' योग्य. एलियटच्या अर्थीं 'संवेदनशीलता' चालेल. काव्याच्या आस्वादाविषयीं बोलणें असेल तर 'सहृदयता' हा जुना शब्द फार सुरेख आहे. अभिनवगुप्तानें सुमारें हजार वर्षांपूर्वीं काश्मिरांत सहृदयाचें लक्षण केलें, त्यांत काव्याच्या अभ्यासानें मनाचा आरसा निर्मळ होणें याला महत्त्व आहे. म्हणजे हा गुण तलम तंतूंनिशीं जन्मास आलेल्यांचीच मिरास नव्हे, तो मेहनतीनें येतो. 'सेन्सिबिलिटीज' असें अनेकवचन येऊन त्या दुखावल्या असें वाक्य असेल, तर सरळ 'भावना' म्हणावें. आणि मॅरियनसाठीं 'हळवेपणा' याहून नेमका शब्द मिळणार नाहीं. कोंकणांत लवकर पिकणाऱ्या भाताला हळवें म्हणतात आणि उशीरां तयार होणाऱ्याला गरवें. एलिनॉरच्या मनाला काय म्हणावें, हें तेथील कोणाहि शेतकऱ्याला विचारावें.