डॉलर महागला, आपल्या घरात काय झाले?

बचत गटांच्या बैठकांत आम्हाला एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. बातम्यांत सांगतात, रुपया घसरला, डॉलर नव्वदीपार गेला. आपण ना अमेरिकेला जाणार, ना डॉलर हातात धरणार. मग आपल्याला त्याचे काय? आज याचाच हिशेब मांडू.

आधी आपल्याच जिल्ह्यातली जुनी गोष्ट. गोदावरीच्या अलीकडे शेवगाव, नेवासे इंग्रजांच्या राज्यात आणि पलीकडे पैठण, गंगापूर निजामाच्या राज्यात. अलीकडे चालायचा कलदार रुपया, पलीकडे हाली रुपया. दोन्ही रुपयेच, पण किंमत वेगळी. हाली रुपयात चांदी कमी, म्हणून सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब. पलीकडच्या बाजारात ७० हालीला जनावर विकले, तर अलीकडे त्याचे ६० कलदारच होणार. एका राज्याच्या पैशाला दुसऱ्या राज्याचा पैसा किती मिळतो, तो झाला विनिमय दर. रुपया आणि डॉलरचेही तसेच आहे.

मोबाईलवर एक संदेश फिरतो की १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता. हे खरे नाही. तेव्हा आपला रुपया इंग्लंडच्या पौंडाला बांधलेला होता आणि त्या हिशेबाने एका डॉलरला सुमारे ३ रुपये ३० पैसे पडत. १९४९ साली पौंडाची किंमत कमी केली, त्याबरोबर रुपयाचीही झाली आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर गेला.

पुढे दर का वाढत गेला? देशाचा संसारही आपल्यासारखाच. माल परदेशात विकला, बाहेर गेलेल्या माणसांनी पैसे पाठवले की डॉलर येतात. खनिज तेल, सोने, खत विकत घेतले की डॉलर जातात. येणारे कमी पडले आणि जाणारे वाढले की डॉलर महाग होतो.

१९६२ आणि १९६५ची युद्धे झाली, पाठोपाठ दुष्काळ पडला, धान्य बाहेरून आणावे लागले. शेवटी ६ जून १९६६ रोजी सरकारने डॉलरचा दर साडेसात रुपये केला. १९९१ साली तर देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या खरेदीपुरतेच डॉलर उरले होते. अडचणीत आपण पाटल्या गहाण टाकतो, तसे रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवले. त्याच जुलैत १ आणि ३ तारखेला, दोन टप्प्यांत रुपयाची किंमत उतरवली. २१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २६च्या जवळ गेला. १९९३पासून दर बाजारात ठरू लागला, म्हणून तो आता रोज हलतो. २०२२ साली डॉलर ८० रुपयांच्या वर गेला आणि डिसेंबर २०२५मध्ये त्याने नव्वदी ओलांडली.

आता घरात या. आपण खातो त्या खाद्यतेलातले निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया, मलेशियातून, सोयाबीनचे तेल अर्जेंटिना, ब्राझीलमधून. समजा, तेलाच्या डब्याची बंदरावरची किंमत २० डॉलर आहे. डॉलर ८० रुपयांना असताना त्याचे १६०० रुपये होतात, ९० झाला की १८००. डबा तोच, तेल तेवढेच, २०० रुपये वाढले. पापड-चिवडा करणाऱ्या गटाला हे लगेच जाणवते. सोने, डिझेल, पोटॅशचे खत यांचेही असेच.

मग विकणाऱ्याचा फायदा व्हायला नको का? होतो. परदेशात १५ डॉलरला गेलेल्या कांद्याच्या गोणीचे १२०० ऐवजी १३५० रुपये येतात. पण ते आधी निर्यातदाराच्या हातात येतात. शेतकऱ्यापर्यंत किती पोचतात ते बाजार समितीतल्या लिलावावर ठरते. शिवाय निर्यात चालू हवी. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याला निर्यातबंदी होती, तेव्हा डॉलर महाग असून पारनेर-राहुरीच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. 'डॉलर वाढतच जातो, आमच्या ॲपवर पैसे लावा, तीन महिन्यांत दुप्पट,' असे सांगणारे फोन गावोगाव येतात. त्यांना आजच्या आकड्यांनीच उत्तर द्या. ३ रुपये ३० पैशांचा डॉलर ९० रुपये व्हायला ७८ वर्षे लागली. म्हणजे सरासरी वर्षाला साधारण सव्वाचार टक्के वाढ. बँकेतल्या मुदत ठेवीला बहुतेक वेळा यापेक्षा जास्त व्याज मिळते. तीन महिन्यांत दुप्पट हे कोणत्या हिशेबात बसते? परवानगी नसताना चलनाचा व्यवहार करणाऱ्या ॲपची आणि संकेतस्थळांची यादी रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. गटाचा एक रुपयाही अशा ठिकाणी जाऊ देऊ नका. कुणी फसले असेल तर लाजू नका, १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने महिन्याच्या किराण्याची यादी आणावी. बाहेरच्या देशातून येणाऱ्या मालावर खूण करावी. डॉलर आपल्या घरात कुठून शिरतो, ते त्या यादीतच दिसेल.