थंडी ऑन फास्ट फॉरवर्ड

'द डे आफ्टर टुमॉरो' (२००४) मी परवा डीव्हीडीवर पुन्हा पाहिला. न्यूयॉर्क गोठतं आणि जेक जिलेनहाल लायब्ररीत पुस्तकं जाळून ऊब घेतो. फुल टाइमपास! पण लॉजिक? रोलँड एमरिचच्या या सिनेमात वादळ उंचावरची गारठलेली हवा झपकन खाली खेचतं. अहो, खाली येणारी हवा दाबली जाते, दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते!

अटलांटिकमधला प्रवाह मंदावण्याचा धोका मात्र खरा आहे. या शतकात तो क्षीण होण्याची दाट शक्यता आयपीसीसीने २०२१ मध्ये वर्तवली. फक्त हे चार दिवसांत नाही, कित्येक दशकांत घडेल. मला धास्ती त्याचीच वाटते. सिनेमातल्यांना निदान पळायचं कधी, ते तरी कळतं!