लिथियम बॅटरी बसवताना मोटरहोमची संपूर्ण विद्युतयंत्रणा तपासणे का आवश्यक?

नवी दिल्ली : मोटरहोममधील जुनी लेड-ॲसिड बॅटरी काढून तिच्या जागी लिथियम बॅटरी बसवणे हे वरकरणी तासाभराचे काम वाटते. प्रत्यक्षात चार्जिंगची पद्धत, तारांची जाडी आणि फ्यूज यांचाही नव्याने विचार करावा लागतो. तो न केल्यास महागडी बॅटरी निकामी होऊ शकते किंवा तापलेल्या तारांमुळे आगही लागू शकते. आणि या वाहनात माणसे रात्री झोपलेली असतात.

मोटरहोमसाठी प्रामुख्याने लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी वापरली जाते. तिच्या रसायनाविषयीचा पायाभूत शोधनिबंध १९९७ मध्ये जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातील गटाने प्रसिद्ध केला. त्याचे प्रथम लेखक होते भारतीय वंशाचे अक्षय पाढी. हे रसायन इतर लिथियम प्रकारांपेक्षा उष्णतेत अधिक स्थिर असते. आगीचा धोका त्यामुळे कमी होतो, नाहीसा होत नाही.

फायदा गणितात दिसतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या लेड-ॲसिड बॅटरीत सुमारे १,२०० वॉट-तास ऊर्जा असते. परंतु आयुष्य टिकवायचे तर त्यातील निम्मीच वापरावी लागते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम बॅटरी साधारण १,१०० वॉट-तास निर्धास्तपणे देते आणि तिचे वजन निम्म्याहून कमी असते.

खरी अडचण अल्टरनेटरची. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने ती मिळेल तेवढा प्रवाह ओढून घेते. थेट जोडणी केल्यास अल्टरनेटर दीर्घकाळ पूर्ण भाराने चालून तापतो, विशेषतः इंजिन मंद गतीने फिरत असताना. शिवाय बॅटरीतील संरक्षक यंत्रणेने (बीएमएस) अचानक जोडणी तोडली, तर उसळलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. म्हणून दोहोंमध्ये प्रवाह मर्यादित ठेवणारा डीसी-डीसी चार्जर बसवतात. इंजिन सुरू करणारी मूळ बॅटरी मात्र लेड-ॲसिडच राहू द्यावी. सौर चार्ज कंट्रोलरही लिथियमसाठी जुळवून घ्यावा लागतो; त्यातील ‘इक्वलायझेशन’ बंद करणे विसरू नये.

इन्व्हर्टरवर १,५०० वॉटची इंडक्शन शेगडी चालवण्याचा मोह अनेकांना होतो. १२ व्होल्टवर त्यासाठी १२५ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. शंभर अँपिअरची मर्यादा असलेली बीएमएस अशा वेळी पुरवठाच तोडते. बारीक तारा तर धोकादायकच. जाड तार आणि बॅटरीच्या धन टोकालगतच फ्यूज, याला पर्याय नाही.

लडाख किंवा स्पितीकडे जाणाऱ्यांनी थंडीचा विचार आधी करावा. शून्य अंश सेल्सिअसखाली ही बॅटरी वीज देऊ शकते, पण चार्ज करू नये. तशा स्थितीत लिथियम धातुरूपाने ऋणाग्रावर साचते आणि क्षमता कायमची घटते. गारठलेल्या पहाटे इंजिन सुरू होताच चार्जिंगही सुरू होते, आणि नुकसान नेमके तेव्हाच होते. कमी तापमानात चार्जिंग रोखणारी बीएमएस घ्यावी, बॅटरी वाहनाच्या उबदार आतील भागात ठेवावी.

आणखी एक सवय बदलावी लागते. जुन्या बॅटरीचा साठा व्होल्टमीटरवरून अदमासे कळत असे. लिथियमचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपासच राहते आणि मग एकदम कोसळते. त्यामुळे आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा शंट-मॉनिटर लागतो.