तलफ कशानं भागते?

ब्रिटनमधल्या लेस्टरहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर ओढत होतो. "मामा, सिगारेट सोडून अकरा दिवस झाले. आता राहवत नाही. इथे वेप सगळीकडे मिळते. कोणती घेऊ म्हणजे तलफ भागेल?" पुण्यात इंजिनिअरिंगला असताना टपरीवरच्या चहाबरोबर लागलेली सवय तो तिकडे घेऊन गेला होता. दिवसाला एक पाकीट. साताऱ्यात तीस वर्षं मेडिकल चालवताना मी निकोटिनचं च्युइंगम विकलं, पट्ट्या विकल्या, पण वेपविषयी माझ्याकडे ऐकीव माहितीच जास्त होती. त्या रात्रीपासून वाचायला बसलो. भाच्याच्या डोक्यात काही चुकीच्या समजुती होत्या, माझ्या डोक्यात वेगळ्या होत्या. त्या एकेक करून मांडतो.

आधी यंत्र समजून घेऊ. वेप म्हणजे ई-सिगारेट. तिच्यात तंबाखू नसतो आणि जाळही नसतो. बॅटरीवर तापणारी तारेची गुंडाळी, तिला चिकटून द्रवात भिजलेला कापूस, आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन व सुवास यांचा तो द्रव. झुरका मारला की तार तापते आणि द्रवाचे सूक्ष्म थेंब छातीत जातात. त्याला वाफ म्हणतात, पण ते खरं तर थेंबांचं धुकं असतं. आजच्या रूपातली ई-सिगारेट होन लिक या चिनी औषधतज्ज्ञानं २००३ मध्ये तयार केली.

"जेवढा धूर मोठा, तेवढी तलफ लवकर भागते."

भाच्याचा पहिला समज हाच होता. तलफ धुरानं भागत नाही, ती निकोटिननं भागते, आणि निकोटिन मेंदूत किती लवकर पोचतं याला फार महत्त्व आहे. सिगारेटचा झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत असतं. सिगारेट इतकी चिकट सवय आहे ती या वेगामुळे. वेपचे ढग ग्लिसरीनमुळे होतात. मोठे ढग सोडणारी यंत्रं बहुधा मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम वगैरे कमी निकोटिनच्या द्रवावर चालवतात आणि त्यांचा झुरका थेट छातीत ओढायचा असतो. सिगारेट ओढणारा माणूस धूर आधी तोंडात घेतो आणि मग आत ओढतो. त्याला तसाच घट्ट झुरका देणारं छोटं यंत्र जवळचं वाटतं.

"निकोटिन कमीत कमी असलेली घ्यावी, तेवढंच नुकसान कमी."

ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि भाचा फसला तो इथेच. त्यानं आंब्याच्या वासाची, ३ मिलिग्रॅमची वेप घेतली. दिवसभर ती तोंडात, तरी तलफ जाईना. चौथ्या दिवशी त्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातून सिगारेटचं पाकीट आणलं. निकोटिन कमी पडलं की माणूस नकळत लांब झुरके घेतो, पुन्हा पुन्हा घेतो. तार जास्त तापते, द्रव जास्त खर्च होतो आणि फॉर्मल्डिहाइडसारखे घातक पदार्थ जास्त प्रमाणात छातीत जातात. हे प्रयोगातही दिसून आलं आहे.

मात्रा ठरवायला एक साधा प्रश्न पुरतो: सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट लागायची? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटिनचं अवलंबन जबर आहे. ब्रिटनमध्ये कायद्यानं द्रवात मिलिलिटरला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन ठेवता येतं. पाकिटावर ते कधी २ टक्के असंही लिहितात. दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याची सुरुवात साधारणपणे या वरच्या टोकाशी होते आणि पुढे काही महिन्यांत ती उतरवत नेतात. एवढ्या निकोटिननं घसा खवखवत असेल, तर निकोटिन सॉल्ट हा प्रकार घ्यायचा. त्यात बेन्झोइक आम्लासारखं आम्ल मिसळून द्रवाची तिखटी कमी केलेली असते, म्हणून तो घशाला सौम्य लागतो. पण सिगारेट कधीच न ओढलेल्या पोरांच्या घशातही निकोटिन इतकं सहज उतरतं ते याच सौम्यपणामुळे. जे पाकीटभर ओढणाऱ्याच्या कामाचं, तेच पंधरा वर्षांच्या पोराच्या गळ्यातला फास. ही गोष्ट मला फार डाचते.

"निकोटिननं कॅन्सर होतो."

माझ्याकडे च्युइंगम घ्यायला येणारे निम्मे लोक हे म्हणत परत जात. सिगारेटनं कॅन्सर होतो तो जळत्या तंबाखूच्या धुरामुळे. त्या धुरात हजारो रसायनं असतात आणि त्यांपैकी किमान ७० कर्करोगकारक आहेत. शिवाय डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड. माणूस निकोटिनपायी ओढतो आणि मरतो मात्र धुरातल्या इतर पदार्थांनी, हे मायकेल रसेल या लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९७६ मध्येच सांगितलं होतं. म्हणून निकोटिन निरुपद्रवी ठरत नाही. ते व्यसन लावतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं, गर्भाला आणि वाढत्या वयातल्या मेंदूला अपाय करतं.

"वेप ९५ टक्के सुरक्षित आहे."

हा आकडा २०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या अहवालातून जगभर गेला. त्यात म्हटलं होतं की वेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. तुलना सिगारेटशी होती, आणि आकडा तज्ज्ञांच्या गटानं बांधलेल्या अंदाजातून आला होता. सिगारेट ही माणसानं विकलेल्या सर्वांत घातक वस्तूंपैकी एक. तिच्याहून कमी घातक म्हणजे छातीला चांगली, असा अर्थ काढता येत नाही. शिवाय या वस्तूचं वय वीस-बावीस वर्षं आहे. चाळीस वर्षं वेप ओढलेला माणूस अजून जगात नाही.

उलट टोकाची भीतीही तितकीच पसरली आहे. "वेपनं फुप्फुसं एका रात्रीत निकामी होतात" म्हणणारे २०१९ च्या अमेरिकेतल्या बातम्यांचा दाखला देतात. तिथे फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. पण तपासात मुख्य दोष सापडला व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थाचा, आणि तो बहुतेक गांजातल्या अमली द्रव्याच्या चोरट्या भरणांमध्ये मिसळलेला होता. 'पॉपकॉर्न लंग' या फुप्फुसाच्या आजाराचं नाव तर अमेरिकेतल्या पॉपकॉर्न कारखान्यांतल्या कामगारांवरून पडलं. लोण्याच्या वासासाठी वापरलेल्या डायअसिटिलची वाफ त्यांच्या छातीत जात असे. ब्रिटनमध्ये वेपच्या द्रवात ते घालायला बंदी आहे. कुठून आली हे माहीत नसलेली वेप ओढू नये, एवढा धडा मात्र दोन्ही प्रकरणांतून घ्यावा.

"वेप घेतली की सिगारेट आपोआप सुटते."

ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सिगारेट सोडायला मदत मागायला आलेल्यांपैकी काहींना वेप दिली, काहींना च्युइंगम-पट्टीसारखी औषधं, आणि दोघांनाही दर आठवड्याला समुपदेशन. वर्षानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले वेपच्या गटात १८ टक्के होते आणि औषधांच्या गटात ९.९ टक्के. वेप सरस ठरली, हे खरं. पण समुपदेशन मिळूनही वेप घेतलेल्या शंभरातल्या ब्याऐंशींची सिगारेट सुटली नाही. आणि ज्यांची सुटली, त्यांच्यातल्या ८० टक्के लोकांच्या हातात वर्षानंतरही वेप होती. औषधं वापरून सोडलेल्यांत औषध सुरूच ठेवणारे अवघे ९ टक्के होते. म्हणून वेप कधी सोडायची, ती तारीख वेप घेतानाच ठरवावी.

"वेप आहेच, सोबत एखाददुसरी सिगारेट चालते."

चालत नाही. दिवसाला वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मा तो दिवसाला एकाच सिगारेटनं वाढतो. विसावरून एकावर आलो म्हणजे धोकाही विसावा हिस्सा उरला, हा हिशेब हृदयाला लागू होत नाही.

भाच्याला शेवटी मी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या सिगारेट सोडवणाऱ्या केंद्रात पाठवलं. लेस्टरचं केंद्र या बाबतीत जुनं आहे. वेप चालेल असं त्यांनी २०१४ पासूनच म्हटलंय. पुन्हा भरता येणारं छोटं यंत्र, योग्य मात्रेचं निकोटिन आणि दर आठवड्याला कुणीतरी विचारपूस करणारं, या तिन्हींनी मिळून त्याचं काम झालं. वापरून फेकायच्या वेप ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून बंदच आहेत.

दिवाळीला घरी यायचं ठरलं तेव्हा त्याचा पुढचा प्रश्न: "मामा, वेप बरोबर आणली तर चालेल ना?"

नाही. भारतात सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमानं आणि मग त्याच वर्षीच्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळंच बंद झालं. साठवण वगळता पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. "ऑनलाइन मिळते, पानवाल्याकडे मिळते, म्हणजे चालत असणार" हा समज मुंबई-पुण्यात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर मी खूप ऐकला आहे. जी मिळते ती चोरटी असते. तिच्यात निकोटिन किती आणि द्रवात आणखी काय, हे तपासणारं कुणी नाही. आपल्याकडे 'कोणती वेप घेऊ' या प्रश्नाला कायदेशीर उत्तरच नाही. आणि महाराष्ट्राचं मूळ दुखणंही वेगळं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २४.४ टक्के प्रौढ तंबाखू खाणारे किंवा मशेरी लावणारे होते, आणि ओढणारे फक्त ३.८ टक्के.

मग आपण तलफ कशानं भागवायची? च्युइंगमनं, पट्टीनं. इथे सगळ्यात मोठा गैरसमज लागतो: "च्युइंगम खाऊन पाहिलं, काही उपयोग होत नाही." मी विचारतो, खाल्लं कसं? उत्तर ठरलेलं असतं: बडीशेपेसारखं कचाकचा. तसं चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथे वाया जातं, वर उचकी आणि जळजळ. हे च्युइंगम हळू चावायचं. जीभ चुरचुरली की थांबायचं आणि ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचं, तंबाखूचा बार ठेवतात तसं. चुरचुर ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या बाजूला ठेवायचं. एका गोळीला अर्धा तास. आणि चहा? च्युइंगमच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी किंवा आंबट सरबत नको, कारण तोंड आम्लधर्मी झालं की निकोटिन नीट शोषलं जात नाही. चहाच्या घोटाबरोबर च्युइंगम चघळणारी कितीतरी गिऱ्हाइकं मी पाहिली. औषध निकामी आहे म्हणून ती परत गेली, आणि तेव्हा मीही त्यांना हे नीट समजावलं नव्हतं.

२ मिलिग्रॅमचं च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळतं. उठल्याबरोबर सिगारेट लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचं लागतं. त्यासाठी डॉक्टरांकडे जावं. दिवसभर मंद निकोटिन देणारी पट्टी आणि तलफ उसळली की वर च्युइंगम, ही जोडी एकट्या औषधापेक्षा जास्त लागू पडते. तलफेची उसळी साधारण पाचेक मिनिटांत ओसरते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात आणि तीन-चार आठवड्यांत शरीराची ओढ बरीच सैल पडते.

सिगारेट सोडून वर्षं झाली आणि लग्नाच्या पंगतीनंतर एकदा तलफ आली, म्हणून कुणी वेप हातात घेणार असेल, तर त्यानं ती मुळीच घेऊ नये. ती तलफ आठवणीची असते आणि निकोटिन न देताच निघून जाते.

ज्यांना आज सोडायची आहे त्यांनी १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करावा. तंबाखू सोडवण्याची ही राष्ट्रीय सेवा आहे, तिचं एक केंद्र मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात आहे आणि फोनला पैसे पडत नाहीत.