उपचार रस्त्यावरच सुरू होतो
अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात १९६७पूर्वी रुग्णाला इस्पितळात बहुधा पोलीसच नेत. गाडीत घालायचं आणि पळवायचं, एवढंच. वाटेत श्वास थांबला तरी मागे बघायला कोणी नसे. भूलतज्ज्ञ पीटर सफार यांनी हिल डिस्ट्रिक्ट वस्तीतल्या बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांना सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं. त्यातलं श्वासमार्ग मोकळा ठेवणं मला सर्वांत मोलाचं वाटतं. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो. डोकं मागे झुकवून हनुवटी उचलली की वाट मोकळी होते. ऑक्सिजनविना मेंदूला काही मिनिटांतच इजा होऊ लागते, तिथे इस्पितळ गाठेपर्यंत थांबून कसं चालेल? या तरुणांची ‘फ्रीडम हाउस’ नावाची रुग्णवाहिका सेवा शहराने १९७५मध्ये बंद केली, हा उघड अन्याय होता. मात्र तिच्या वैद्यकीय संचालक नॅन्सी कॅरोलाइन यांनी तयार केलेला पॅरामेडिक अभ्यासक्रम पुढे देशभर शिकवला गेला.