नांदेड–लातूर परिसरातील यात्रास्थळे आणि चाकखुर्चीचा मार्ग

नांदेड व लातूर या जिल्ह्यांतील तीर्थस्थळांचा व दुर्गांचा विचार बहुधा श्रद्धा, शिल्प अथवा इतिहास यांच्या अनुषंगाने होतो. चाकखुर्चीवरून प्रवास करणाऱ्या व्यक्तीस तेथे जाता येईल काय, असा प्रश्न केला की या स्थळांचा परिचित क्रम बदलतो. सुगम्यता हा केवळ वास्तूचा गुण नव्हे. तो घरापासून गाभाऱ्यापर्यंतच्या समग्र मार्गाचा गुण होय. मार्गात एकच उंच उंबरा असला तरी पुढील सर्व सोयी निरर्थक ठरतात.

या विषयातील मूलभूत प्रमाण साधे आहे. उतरणीस एक भाग उंचीला किमान बारा भाग लांबी हवी, आणि दर नऊ मीटरांनंतर विसाव्याची सपाट जागा हवी. पंधरा सेंटिमीटरांची एक, अशा तीन पायऱ्यांना साडेपाच मीटरांच्या आत उतरण पुरते. शंभर पायऱ्यांना मात्र विसाव्यांसह दोनशे मीटरांहून अधिक लांबी लागेल. म्हणजे थोड्या पायऱ्यांचा प्रश्न सुतार वा गवंडी सोडवू शकतो. पुष्कळ पायऱ्यांचा प्रश्न यंत्राकडे जातो.

या दृष्टीने नांदेडचे तख्त सचखंड श्री हुजूर साहिब अनुकूल म्हटले पाहिजे. गुरू गोविंदसिंग यांचे निधन १७०८ साली येथे झाले. सध्याची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारविली. स्थान शहरातील सपाट भूमीवर आहे. परंतु अडचणीचा आरंभ त्याआधीच, रेल्वेस्थानकावर होतो. उंच फलाट रुळांपासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असतो, तर डब्याचा तळ एक मीटरहून अधिक उंचीवर. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसने आलेला यात्रेकरू खुर्चीसह स्वतः उतरू शकत नाही. त्याला उचलावे लागते. आणि ज्याला उचलावे लागते, त्याचा प्रवास दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहतो.

पुढचा प्रश्न मोजपट्टीचा नाही. पवित्र स्थानी पादत्राणे बाहेर ठेवतात. मग रस्त्यावरून आलेली चाके पादत्राणे मानावयाची काय? स्थानाने आतील वापरासाठी निराळी खुर्ची ठेवणे किंवा चाके धुऊन पुसणे, हे उपाय अल्पखर्ची आहेत. लंगराची गोष्ट अधिक नाजूक आहे. पंगतीत सर्वांनी एकाच पातळीवर बसणे हे तेथे समतेचे चिन्ह आहे. अकाल तख्ताने १९९८ साली लंगर जमिनीवर बसूनच घेण्याचा हुकूमनामा काढला, तेव्हा कॅनडातील गुरुद्वारांत मोठा वाद झाला. ज्याला जमिनीवर बसताच येत नाही, त्याच्यासाठी तेच चिन्ह वेगळेपणाचे होऊ शकते. आचाराचा हेतू व आचाराचे रूप यांत येथे भेद करावा लागतो.

कंधार, औसा व उदगीर हे भुईकोट होत. उदगीरास १७६० साली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, हे सर्वश्रुत आहे. डोंगरी दुर्गांच्या मानाने येथे चढण अत्यल्प. म्हणून हे किल्ले सुगम करणे सोपे, असे वाटते. वस्तुतः खंदक, वळणाचा प्रवेशमार्ग, दरवाजाचा उंबरा, खडबडीत फरसबंदी ही सर्व योजना येणाऱ्याचा वेग मोडण्यासाठीच होती! शत्रूसाठी केलेली ती व्यवस्था आज चाकखुर्चीला अडविते. तथापि मूळ दगडाला धक्का न लावता काढता-घालता येणारी लाकडी उतरण व फळ्यांची वाट येथे शक्य आहे. निदान दरवाजापासून पहिल्या प्रांगणापर्यंत.

औसा तालुक्यातील खरोसा येथील लेणी टेकडीत कोरलेली असल्याने तेथे हा उपाय अपुरा पडतो, आणि माहूरच्या रेणुकादेवीच्या डोंगरावर तर त्याहून अधिक. अशा ठिकाणी वणीच्या सप्तशृंगी गडाचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथे २०१८ साली फ्युनिक्युलर गाडी सुरू झाली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन घातले. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात, या नियमांतील पंधरावा नियम केवळ शिफारसवजा असल्याने अधिनियमाशी विसंगत ठरविला व बंधनकारक मानके करण्यास केंद्र शासनास सांगितले.