घासातील ठिणगी : कब्बाला आणि मांसाहार

पुनर्जन्म मानला की प्राणी मारून खाणे वर्ज्य ठरते, असे आपल्याकडे सहसा गृहीत धरले जाते. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यात समोरच्या बोकडात कोणाचा जीव असेल, कोण सांगणार? ज्यूंच्या कब्बाला या गूढविद्येलाही हाच प्रश्न पडला. तिचे उत्तर मात्र वेगळ्या दिशेने गेले.

सोळाव्या शतकात गालील प्रांतातील त्सफात हे डोंगरी गाव या विद्येचे मोठे केंद्र होते. तेथे १५७० मध्ये आलेल्या आयझॅक लुरिया (१५३४–१५७२) यांच्या शिकवणीनुसार, सृष्टीच्या आरंभी ईश्वरी प्रकाश धारण करणारी पात्रे फुटली आणि त्याच्या ठिणग्या जड वस्तूंत, वनस्पतींत, प्राण्यांत अडकून पडल्या. त्या सोडवणे हे माणसाचे काम. त्याला ‘तिक्कून’, म्हणजे दुरुस्ती, म्हणतात. पापामुळे माणसाचा आत्माही पशुयोनीत जातो. हा फेरा म्हणजे ‘गिलगुल’. विधिपूर्वक कापलेले मांस प्रार्थना म्हणून, शुद्ध हेतूने खाल्ले, तर खाणारा त्या जिवाला वर नेतो.

मांस खाण्यासाठी शोधलेली ही सोयीची सबब वाटेल. पण तिच्यातील अट कडक आहे. तोरा न शिकलेल्याने मांस खाऊ नये, असे वचन तालमूदमध्ये आधीपासून होते. कब्बालावाद्यांनी त्याला नवा अर्थ दिला: केवळ जिभेसाठी खाणारा कोणालाच वर नेत नाही, उलट स्वतःच खाली घसरतो. त्सफातचेच मोशे कोर्दोवेरो (१५२२–१५७०) यांनी ‘तोमेर देवोरा’ या ग्रंथात बजावले, की गरजेवाचून रोपही उपटू नये, प्राणी मारू नये. वनस्पतीला प्राण्याच्या आणि प्राण्याला माणसाच्या पायरीवर चढवायचे असेल, तरच ते क्षम्य. लुरिया उवा-पिसवांनाही मारत नसत, अशी नोंद त्यांचे शिष्य हायिम विताल यांनी केली आहे.

विसाव्या शतकात पॅलेस्टाइनचे प्रमुख रब्बी झालेले, याच परंपरेत मुरलेले आब्राहम आयझॅक कूक (१८६५–१९३५) आणखी पुढे गेले. बायबलमध्ये आरंभी माणसाला वनस्पतींचेच अन्न नेमून दिले आहे. मांसाची मुभा नोहाच्या प्रलयानंतरची. कूक यांच्या मते ती मानवी दुर्बलतेपुरती, तात्पुरती सवलत होती. शाकाहार त्यांनी लगेच सर्वांवर लादला नाही; माणसांमधला अन्याय आधी संपावा, असे त्यांना वाटे.

एकाच पुनर्जन्मकल्पनेतून एका परंपरेत निषेध निघतो, दुसरीत सशर्त परवानगी. पण ही शर्त खाणाऱ्याच्या अंतःकरणाची आहे, आणि ती आपण पुरी केली, असे छातीठोकपणे सांगणे कोणालाही अवघडच जाईल.